निळ्या परीक्षानळ्यांचं प्रकरण: सोन्याचे नॅनोकण आणि मांजरा खोऱ्यातलं जड पाणी

मांजरा खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी एक महाविद्यालय आहे. तिथल्या एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दोन विद्यार्थिनींनी प्रोजेक्टसाठी आसपासच्या गावांतल्या बोअरचं पाणी गोळा केलं, सोन्याच्या नॅनोकणांची चाचणी लावली (शिसं असेल तर तिचं लाल द्रावण निळं पडतं) आणि जवळपास प्रत्येक बाटलीत शिसं असल्याचा निकाल हातात आला. एका गावाच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा चालतो, म्हणून शिशाचा विषय निवडला होता. त्या एका गावचं पाणी खराब निघालं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण धंद्यापासून दूरच्या वस्त्यांचं, तांड्यावरचं, शाळेच्या हातपंपाचं, जवळजवळ सगळंच पाणी निळं झालं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. एका सरपंचाचा विभागात फोन आला आणि मागोमाग स्थानिक वार्ताहराचाही. आपल्याकडे पाण्याची बातमी चटकन पेट घेते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते विसरलेला माणूस ह्या भागात सापडणार नाही. आधीच बोअर पाचशे-सहाशे फुटांवर गेलेले. त्यात "पाण्यात शिसं" हे दोन शब्द छापून आले की दुसऱ्या दिवशी जारवाल्यांच्या गाड्या दुप्पट फेऱ्या मारणार.

मी फिजिक्सचा. प्रकरणात ओढला गेलो तो यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कोणत्या रंगाचा प्रकाश किती गिळतं ते मोजणारं यंत्र, आमच्या विभागात आहे म्हणून. मुलींना अहवालात जोडायला आलेख हवे होते.

चाचणी काय होती

गोल्ड क्लोराइडचं अगदी पातळ द्रावण, साधारण 0.01 टक्क्याचं, उकळत ठेवायचं. त्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालायचं आणि ढवळत राहायचं. फिकट पिवळा रंग आधी जातो, मग द्रावण काळपट निळसर होतं, मग जांभळं आणि काही मिनिटांत डाळिंबी लाल. साधारण 15 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत राहतात. ही कृती 1951 साली टर्केविच आणि सहकाऱ्यांनी नीट बसवली, 1973 साली फ्रेन्सनं सायट्रेटचं माप बदलून कणांचा आकार कमीजास्त करून दाखवला. आजही जगभरातल्या लॅबमध्ये पहिल्यांदा हीच करतात. काचेची भांडी मात्र आधी अ‍ॅक्वा रेजियानं (सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं) धुवावी लागतात, कारण आधीच्या प्रयोगाचा कण जरी चिकटून राहिला तरी सगळा घाणा बिघडतो. मुलींनी हे काम चोख केलं होतं. लाल कलिल, म्हणजे हे तरंगत्या कणांचं द्रावण, इतकं स्वच्छ होतं की बाटलीपलीकडची अक्षरं वाचता यावीत.

त्यानंतर कणांवर ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूचं आवरण चढवायचं. ग्लुटाथायोन गंधकाच्या टोकानं सोन्याला घट्ट धरतो आणि त्याची दुसरी टोकं शिशाच्या आयनाला (पाण्यातल्या प्रभारित अणूला) पकडतात. एक शिशाचा आयन दोन कणांवरच्या रेणूंना एकदम धरतो, कण जवळ येतात आणि लाल द्रावण निळं पडतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिशाचं मीठ घालून त्यांनी हे करून पाहिलं होतं आणि ते झालंही होतं. मग गावची पाणी लावली.

माझ्यासमोर त्यांनी एक नमुना करून दाखवला. क्युवेटमध्ये, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या पारदर्शक नळीत, एक मिली लाल कलिल, त्यावर पिपेटनं एक मिली बोअरचं पाणी. पाणी पडलं तिथून जांभळी रेघ खाली उतरली, क्युवेट हलवल्यावर सगळंच जांभळटलं आणि बघता बघता शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा रंग आला. मशीनवरचा आलेख त्याहून बोलका होता. आधी 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास एकच नीट टोक. ते खचत गेलं आणि उजवीकडे, 600 पासून पुढे 700 पर्यंत, एक रुंद फुगवटा वर आला. तासाभरानं क्युवेटच्या तळाशी काळसर गाळ आणि वरचं पाणी जवळजवळ बिनरंगाचं.

"सर, पाहिलंत? एवढं शिसं आहे," एक जण म्हणाली.

तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडा आनंदही. प्रोजेक्टचा रिझल्ट आला की असं होतंच.

कणाच्या आत काय चाललेलं असतं

दागिन्यातलं सोनं पिवळं दिसतं ते निळा प्रकाश गिळतं म्हणून. त्या निळ्या प्रकाशानं अणूच्या आतल्या d कक्षेतले इलेक्ट्रॉन उचलले जातात आणि वरच्या पट्ट्यात जातात. मोकळे इलेक्ट्रॉन बाकीचा प्रकाश परतवून लावतात. पण तेच सोनं 15 नॅनोमीटरचं केलं की वेगळाच खेळ सुरू होतो.

एवढ्या एका कणात सुमारे 1 लाख अणू मावतात. प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, म्हणजे कणात लाखभर मोकळे इलेक्ट्रॉन. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी कणाच्या व्यासाच्या पस्तीसपट. त्यामुळे कोणत्याही क्षणी कणाच्या ह्या टोकाला आणि त्या टोकाला प्रकाशाचं विद्युतक्षेत्र सारखंच असतं. ते लाखच्या लाख इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेला ढकलतं. इलेक्ट्रॉन एका अंगाला सरकले की तिथे ऋण प्रभार साठतो, मागे उरलेली बाजू धन होते आणि त्यांना परत ओढते. परत येताना ते मध्यावर थांबत नाहीत, पलीकडे जातात. विहिरीवरून घागर डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईची चाल आणि पाण्याचं हिंदकळणं एका ठेक्यात आलं तर घागर तोंडापर्यंत उसळते. प्रकाशाचा ठेका आणि इलेक्ट्रॉनांचा ठेका जुळला की कणात तसंच होतं. सोन्याच्या ह्या कणांसाठी हा ठेका सेकंदाला सुमारे 580 लाख कोटी आंदोलनांचा, म्हणजे 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा. हिरवा गिळला जातो आणि आपल्या डोळ्यापर्यंत लाल पोचतो. इलेक्ट्रॉनांच्या ह्या सामूहिक आंदोलनाला प्लाझमॉन म्हणतात.

इथे एक गंमत आहे आणि ती सांगायचा मोह मला वर्गातही आवरत नाही. सोन्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटी घेऊन साधं गणित मांडलं, तर धातूची प्लाझ्मा ऊर्जा, म्हणजे ह्या सामूहिक आंदोलनाची ऊर्जा, सुमारे 9 इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. निर्वातातल्या गोल कणासाठी ती 3 च्या वर्गमुळानं भागायची. उत्तर 5.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा सरळ अतिनील प्रकाश, डोळ्याला न दिसणारा. म्हणजे निव्वळ मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर सोडलं असतं तर नॅनोसोन्याचं पाणी बिनरंगाचं दिसलं असतं! प्रत्यक्षात तेच d कक्षेतले इलेक्ट्रॉन मध्ये पडतात, मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरची परतीची ओढ कमी करतात. भोवतालचं पाणीही थोडी कमी करतं. ओढ कमी झाली की आंदोलन मंदावतं, ऊर्जा 2.4 च्या घरात उतरते आणि लाल रंग जमतो. चांदीत d इलेक्ट्रॉन इतके जवळ नसतात, म्हणून तिचे कण 400 नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या टोकाला प्रकाश गिळतात आणि द्रावण पिवळं दिसतं.

"परतीची ओढ कमी झाली की रंग तांबड्या टोकाकडे सरकतो" एवढं ह्यातलं लक्षात ठेवायचं. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

हे आंदोलन टिकतं किती? साधारण 10 फेम्टोसेकंद (हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद, आणि लाख कोटी पिकोसेकंदांचा एक सेकंद), मग इलेक्ट्रॉनांची शिस्त मोडते. पुढच्या पिकोसेकंदभरात ती ऊर्जा कणाच्या अणूंना मिळते आणि कण तापतो. 15 नॅनोमीटरचा कण प्रकाश विखुरतो थोडाच, बहुतेक गिळतो. पण गिळतो मात्र दाबून: एक कण जेवढा प्रकाश अडवतो तेवढा अडवायला चांगल्या रंगद्रव्याचे हजारो रेणू लागतील. त्यामुळेच सोनं चिमूटभरही न घालता बाटलीभर पाणी लाल होतं आणि म्हणूनच सेन्सर बनवणाऱ्यांची ह्या कणांवर नजर असते.

दोन कण शेजारी आले की

मोकळ्या पाण्यात कण एकमेकांपासून दूर असतात. सायट्रेट असो की ग्लुटाथायोन, आवरणावर ऋण प्रभार असतो, सगळे कण एकाच जातीचे, म्हणून एकमेकांना ढकलतात. पण समजा दोन कण इतके जवळ आले की मधली फट त्यांच्या व्यासापेक्षा लहान झाली. आता एका कणाचं ऋण झालेलं टोक दुसऱ्याच्या धन टोकासमोर येतं. आपल्या कणाची धन बाजू इलेक्ट्रॉनांना मागे ओढत असते, तर शेजाऱ्याचं धन टोक त्यांना पुढे खेचतं. परतीची ओढ कमी झाली. ठेका मंदावला. 520 वरचं टोक 600 च्या पुढे गेलं, नारिंगी-तांबडा प्रकाश गिळला जाऊ लागला, आपल्याला उरला निळा.

फट जितकी अरुंद तितकं सरकणं जास्त, आणि हे प्रमाण इतकं पक्कं आहे की 2005 पासून संशोधक जोडीतल्या कणांच्या रंगावरून त्यांच्यामधलं नॅनोमीटरमधलं अंतर मोजतात. त्याला प्लाझमॉन पट्टी म्हणतात. फटीतलं विद्युतक्षेत्रही प्रचंड वाढतं. तिथे अडकलेल्या रेणूचा रामन परिणाम (विखुरलेल्या प्रकाशातली रेणूची ओळखखूण) कित्येक लाख पटींनी ठळक होतो, तो वेगळा मोठा विषय.

आमच्या प्रकरणाची कळ मात्र ह्या पट्टीतच आहे. लाल-निळा रंग अंतर सांगतो. अंतर कुणी कमी केलं, हे तो सांगत नाही. शिशानं दोन कणांना धरून जवळ आणलं तरी निळं, मिठानं त्यांचा प्रभार झाकला आणि ते आपोआप एकमेकांना चिकटले तरी निळं. इलेक्ट्रॉनांना दोन्ही सारखंच. मुलींनी निळ्या रंगाला थेट "शिसं" हे नाव दिलं होतं, आणि त्यांनी समोर ठेवलेल्या छापील पद्धतीतही तसंच लिहिलेलं होतं.

मी विचारलं, "अगं, ह्या पाण्याचा हार्डनेस किती?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. हार्डनेस काढलाच नव्हता. पण त्यातली एक, जिच्या स्वतःच्या गावचा नमुना होता, चटकन म्हणाली, "सर, आमचं पाणी लई जड हाय. आजी म्हणती ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. साबणाला फेस न्हाई आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर."

आकडे मांडल्यावर

मराठवाड्याचा खडक बहुतेक सगळा बेसाल्ट, काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं, खनिजांतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन उतरतं. बोअर खोल गेला की पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं. ईडीटीए ह्या कॅल्शियमसारखे धातू बांधणाऱ्या रसायनाचं टायट्रेशन (थेंबाथेंबानं घालून मोजणं) केलं तेव्हा बहुतेक नमुने, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबानं, लिटरला 400 ते 600 मिलिग्रॅमच्या पट्ट्यात आले, एखादा त्याच्याही वर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात हार्डनेस 200 पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा.

(ह्या टायट्रेशनमध्येही द्राक्षाच्या दारूसारखा लाल रंग जाऊन निळा येतो. त्याचा प्लाझमॉनशी काडीचा संबंध नाही, तो एरिओक्रोम ब्लॅक टी ह्या रंगद्रव्याचा उद्योग आहे. पण दोन स्टँडवर लाल-निळ्या नळ्या शेजारी पाहून एका प्राध्यापकांनी दोन्ही एकच चाचणी समजली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.)

आता हिशोब. लिटरला 400 मिलिग्रॅम हार्डनेस म्हणजे 4 मिलिमोल कॅल्शियम-मॅग्नेशियम (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). शिशाची मानकातली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 48 नॅनोमोल. भागाकार केला तर मर्यादेइतक्या शिशाच्या एका आयनामागे ह्या पाण्यात 80 हजारांहून जास्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन उभे. छापील पद्धतीत "इतर धातूंचा अडथळा येत नाही" म्हणून एक छान स्तंभालेख होता. तो नीट वाचला तर कॅल्शियमचं माप शिशाच्या बरोबरीचं घेतलेलं दिसलं. बरोबरीच्या लढतीत शिसं जिंकतं यात शंका नाही, पण आपल्या बोअरमध्ये तशी लढत होतच नाही. असे स्तंभालेख छापणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात इकडचं पाणी प्यायला यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅल्शियम दोन अंगांनी काम करतं. पाण्यातले आयन कणांच्या प्रभाराभोवती जमतात आणि त्याचा प्रभाव झाकतात, त्यामुळे दुरून ढकलण्याची ताकद राहत नाही. आयनावर दुहेरी प्रभार असेल तर हे कितीतरी कमी मापात घडतं; शुल्झ-हार्डी नियम म्हणून हे बारावीनंतर सगळे पाठ करतात. शिवाय सायट्रेट आणि ग्लुटाथायोन दोघांवरही ऋण प्रभाराची कार्बोक्झिलेट टोकं आहेत आणि कॅल्शियम त्यांना सरळ धरतं. मग कण एकमेकांच्या टप्प्यात आले की व्हॅन डर वाल्स ओढ (अगदी जवळ आलेल्या कणांमधली आपसूक ओढ) उरलेलं काम उरकते, आणि एकदा चिकटलेले कण पाणी घालून सुटत नाहीत.

तपासायला तीन नळ्या लावल्या. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर: लाल राहिलं. दुसरीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम क्लोराइड, बोअरच्या हार्डनेसएवढं, शिशाचा अंशही नाही: निळं, आणि आलेख बोअरच्या आलेखाशी इतका जुळणारा की कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. तिसरीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये मर्यादेइतकं शिसं: लालच. ह्या तिसऱ्या नळीनं मुलींचे चेहरे उतरले. मर्यादेवरचं शिसं त्यांची चाचणी पाहूच शकत नव्हती. रंग हलायला मर्यादेच्या कितीतरी पट शिसं घालावं लागत होतं.

विभागातल्या एका सरांनी सुचवलं, पाण्यात आधी ईडीटीए घाला, कॅल्शियम बांधलं जाईल. तरी निळं झालं तर शिसं. सुचवणी ऐकायला बरी, पण ईडीटीए शिशाला कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त घट्ट बांधतो. ते घातल्यावर लाल राहिलं तर दोघांपैकी कोण बांधलं गेलं हे कसं कळणार? पाणी वीसपट पातळ करा, ही दुसरी सूचना. हार्डनेस 20-30 वर येतो खरा, आणि शिसंही वीसपट पातळ होतं.

इथे आशाताईंकडच्या गर्भचाचणीच्या किटची आठवण करून द्यावीशी वाटते. तिच्यातली गुलाबी रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, मलेरियाच्या रॅपिड किटमध्येही बहुधा तेच. पण तिथे कणांकडे फक्त रंग देण्याचं काम आहे. ओळख पटवण्याचं काम पट्टीवर बसवलेली प्रतिपिंडं करतात, आणि कण चिकटून ढीग होण्यावर काही अवलंबून नाही. शिवाय दुसरी एक कंट्रोल रेघ असते. ती उमटली नाही तर किट फेकून द्यायचं. आमच्या मुलींच्या चाचणीत ती दुसरी रेघ नव्हती.

मुळात ही गोष्ट जुनी आहे. मायकेल फॅरडेनं 1857 साली रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रावणांवर व्याख्यान दिलं, त्यात साध्या मिठानं लाल द्रव निळा पडतो हे स्वच्छ नोंदवलेलं आहे. लाल रंग सोन्याच्या अतिबारीक कणांचा आहे हेही त्यानं ओळखलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता. एका गोल कणावर प्रकाश पडला की काय होतं याचं पुरं गणित गुस्ताव मी यानं 1908 साली मांडलं.

आडाचं पाणी

इतपत झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलं. निळं म्हणजे जड पाणी. चला, शिशाऐवजी हार्डनेसचा सेन्सर म्हणून प्रोजेक्ट वळवू. पण एक बाटली हट्टाला पेटली होती.

ती एका जुन्या आडाची होती. वापर जवळपास बंद, काठावर पिंपळ, पाण्यावर पानं कुजलेली. पाण्याला किंचित पिवळट झाक. हार्डनेस इतर नमुन्यांच्या बरोबरीचा. नियमानुसार ती नळी निळी व्हायला हवी होती, ती लाल राहिली. दुसऱ्या दिवशीही लालच. पहिल्या यादीत ह्याच आडाच्या पाण्यापुढे "शिसं नाही, सुरक्षित" असा शेरा होता! सगळ्या गावात त्यातल्या त्यात पिऊ नये असं पाणी कोणतं, तर हे.

आलेखात टोक 520 च्या जरा पुढे, काही नॅनोमीटर सरकलेलं होतं. डोळ्याला न कळणारं, पण मशीनला दिसणारं. कणाला लागून पाण्यापेक्षा दाट प्रकाशीय गुणाचं काहीतरी आवरण बसलं की असं होतं, कारण भोवतालचं माध्यमही ओढीत वाटेकरी असतं. संशय पानांच्या कुजण्यातून आलेल्या ह्युमिक द्रव्यावर गेला. हे मोठे, गुंतागुंतीचे रेणू कणावर जाड थर देऊन बसतात, आणि मग प्रभार झाकला गेला तरी कण एकमेकांच्या पुरेसे जवळ येऊच शकत नाहीत. पडताळा सोपा होता. जिलेटिनचं अगदी पातळ द्रावण लाल कलिलात आधी घातलं आणि मग सगळ्यात जड बोअरचं पाणी ओतलं. लालच राहिलं.

मग एका मुलीला एकदम आठवलं, "सर, हा तर गोल्ड नंबर!" बरोबर. रिचर्ड झिगमोंडीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच माप ठरवलं: 10 मिली लाल सुवर्ण कलिलात 10 टक्के मिठाचं 1 मिली द्रावण घातल्यावर रंग बदलू नये म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक कलिल लागतं, तो आकडा. जिलेटिनचा शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे फारच थोडं पुरतं. कलिलांवरच्या कामासाठी त्याला 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलींनी हा गोल्ड नंबर परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलेला होता. आडाच्या बाटलीपर्यंत तो कधी पोचला नव्हता. दोष त्यांचा नाही. आपण कलिलं एका धड्यात शिकवतो, प्रकाश दुसऱ्या, इलेक्ट्रॉन तिसऱ्या, आणि पाण्याचा हार्डनेस भलत्याच विषयात.

हार्डनेसच्या सेन्सरची कल्पनाही आडानं निकालात काढली. आणि खरं सांगायचं तर ती काढायलाच हवी होती. हार्डनेस मोजायला ईडीटीएचं टायट्रेशन आहे, ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं फील्ड टेस्ट किट आहे, त्यातही हार्डनेसची बाटली असते. सोनं विरघळवून तेच काम जास्त खर्चात आणि कमी खात्रीनं कशाला करायचं?

पुढे काय झालं

शिशासाठी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले, जिथे वस्तुमानावरून धातू ओळखणारं यंत्र आहे आणि 0.01 च्या खूप खालचं शिसं दिसतं. नमुना घेतानाच नायट्रिक आम्लाचे थेंब घालायचे असतात, नाहीतर धातू बाटलीला चिकटतात. पहिल्या बाटल्यांत ते घातलं नव्हतं, म्हणून सगळी गावं पुन्हा फिरावी लागली. अहवालात शिसं सगळीकडे मर्यादेच्या आत आलं, बॅटऱ्यांच्या धंद्याजवळच्या बोअरमध्येही. त्या बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर पुन्हा पाठवायचं ठरलं आहे, कारण उन्हाळ्यातल्या एका नमुन्यावर त्या जागेला कायमची क्लीन चिट देणं मला पटत नाही.

वार्ताहराला विभागप्रमुखांनी आधीच थांबवलं होतं. सरपंच स्वतः आले. शिसं नाही हे ऐकून बसले, चहा घेतला आणि विचारलं, "मग सर, नळी निळी कामून झाली?" मुलींनी त्यांना सगळं सांगितलं. इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचायच्या आधीच "म्हणजे क्षारानं झाली, असंच ना?" असं म्हणून ते मोकळे झाले. ग्रामपंचायतीला जो तक्ता दिला त्यात हार्डनेस, फ्लोराइड आणि नायट्रेट हे तीन रकाने आहेत. रंगाचा रकाना काढून टाकला. नायट्रेट दोन ठिकाणी लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर आहे, आणि लहान लेकरांच्या दृष्टीनं गावानं खरं लक्ष द्यायला हवं ते तिथे.

प्रोजेक्टचं नाव बदलून "सुवर्ण कलिलाच्या स्थिरतेवर भूजलातील क्षार व सेंद्रिय द्रव्यांचा परिणाम" असं झालं. रटाळ नाव, पण काम आधीपेक्षा चांगलं आहे. 650 आणि 520 नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर काढून त्या आता सोडियम आणि कॅल्शियमची तुलना करतायत. निळं करायला साधं मीठ कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त लागतं हे पहिल्याच फेरीत दिसलं. आडाच्या पाण्याला वेगवेगळ्या मापांनी पातळ करून कोणत्या टप्प्यावर संरक्षण सुटतं तेही मोजायला घेतलं आहे. उरलेलं कलिल थंड जागी, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलं आहे, आणि बाटलीवर लेबल लावताना एकीनं खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: नळाचं पाणी घालू नये.